शेपटाचा प्रश्न

दिनांक १७ ऑगस्ट १९८२. तक्रार नोंदवून ठेवण्यात येत आहे की, स्वादुपिंडाच्या दाहावर आपल्या बेटावरील जिल्ह्याच्या इस्पितळात झालेल्या संशोधनाचा अहवाल छापून आला. त्यात टंकलेखकापासून ग्रंथपालापर्यंत सर्वांचे आभार आहेत. वॉर्डसेविका इंद्राणी हिचे नाव मात्र नाही.

मोंतान्य ब्लांश गावची इंद्राणी बावीस वर्षे त्या वॉर्डाची फरशी पुसत आली. तिची जीभ फिनेलपेक्षा झोंबते, असे रोगी म्हणत. पण दुखण्याने गुडघे पोटाशी घेऊन पडलेल्याच्या पाठीशी उशी सरकवावी ती तिनेच.

१९७९ साली सें पिएर गावचे बाबूराव तिसऱ्यांदा दाखल झाले. पोटातून पाठीत जाणारी तीच कळ, रक्ततपासणीत तोच दाह. तरुण डॉक्टर कृष्णदेव या दाहाची कारणे शोधत होते, आणि त्यांच्या तक्त्यात बाबूरावांपुढे 'रम' असे लिहिलेले होते. म्हणून उपचार ठरलेला: तोंडाने काही द्यायचे नाही, सलाइन लावायचे आणि उतार पडला की दारूवर उपदेश करून घरी धाडायचे. पुढचा झटका जिवावर बेतेल, असे डॉक्टर म्हणाले ते इंद्राणीने ऐकले आणि तिचा हात थांबला. रमच्या वासानेही नाक दाबणारा हा माणूस!

"दोक्तेर, पुन्यांदा विचारा की ह्यास्नी."

रम पिता का, असे डॉक्टरांनी शुद्ध फ्रेंचमध्ये विचारले. बाबूरावांना बेटावरची क्रेओल बोली येई. फ्रेंच कानांवरून जाई.

"वी, दोक्तेर," ते अदबीने म्हणाले, म्हणजे 'हो, डॉक्टर'.

"ऐकलंत?" डॉक्टर इंद्राणीकडे वळले.

"आता त्याच भाषेत विचारा, शेपूट हाय का."

डॉक्टर हसले, पण त्यांनी विचारले.

"वी, दोक्तेर."

वॉर्डभर खसखस पिकली. इंद्राणी खाटेशी वाकली. "बाबूरावकाका, रम पिता व्हय?"

"मी? अगं, तुझ्या लग्नात तुझा सासरा गळ्यात पडला, तवा पन नाय शिवलो!"

"मग वी कशाला म्हनता?"

"एवढा शिकलेला मानूस लिवून घेतोय, त्याला नाय कसं म्हनायचं?"

डॉक्टरांनी 'रम' खोडले. दाह ओसरल्यावर पित्ताशयाचा क्ष-किरण फोटो काढला, तर त्यात खडे, दाहाचे खरे कारण. शस्त्रक्रिया झाली आणि ती कळ पुन्हा आली नाही. त्यानंतर दर रोग्यापाशी इंद्राणीला उभे करून प्रश्न नव्याने विचारले गेले. एकतीस 'रम'पैकी अकरा खोडावे लागले. संशोधनाचा निष्कर्ष उभा आहे तो त्या अकरा खोडलेल्या नोंदींवर.

दर डिसेंबरात इथे लिची पिकली की बाबूराव तिचे घोस घेऊन येतात. "शेपूट कसं हाय?" इंद्राणी विचारते. "वी, मादाम!" ते म्हणतात, आणि दोघे पोट धरून हसतात. अहवालाचे तिला काही वाटत नाही. वाटायला हवे ते इतरांना.

वाचकहो, इस्पितळाच्या कचेरीत जा आणि अहवालात इंद्राणीचे नाव घालायला सांगा. 'पुढे पाहू, चालेल ना?' असे कुणी फ्रेंचमध्ये विचारले, तर 'वी' म्हणून परत येऊ नका.