बदलीचा कागद

माझे सासरे गुणाजी घाडी फारच कमी बोलत. लग्नानंतर सहा महिने मला वाटत होतं, सून म्हणून मी त्यांना पसंत नाही. मग कळलं, माणसाने एकतीस वर्षं गिरणीत मागांच्या खडखडाटात काढलीत. तिथं बोलून ऐकू कुणाला जाणार! ब्याऐंशीचा संप झाला, त्यांची गिरणी बंद पडली ती उघडलीच नाही. तेव्हापासून ते बोरिवलीच्या चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांत होते, आणि खरं सांगायचं तर घर तेच चालवत होते. नवरा जयवंत बोटीवर, नऊ-नऊ महिने बाहेर. मी अंधेरीला एका सरकारी संस्थेच्या प्रयोगशाळेत. आमची चार वर्षांची मृणाल सकाळच्या वेणीपासून दुपारच्या झोपेपर्यंत आजोबांच्या ताब्यात.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये माझ्या हातात कागद पडला. बढती, आणि बढतीवर बदली. मुंबईपासून रात्रभराच्या अंतरावरच्या एका लहान शहरात. नाव घेत नाही, तिथले लोक रागावतील. एकेकाळी गिरणीवर पोसलेलं शहर. गिरणी बंद पडली आणि विद्यापीठ तेवढं उरलं. आमचे हेडक्लार्क श्यामकांत तिथं जाऊन आले होते. म्हणाले, "स्टेशनवर उतरलात की पहिली दिसते चिमणी. धूर नाही. पोरं शिकायला येतात म्हणून चहाच्या टपऱ्या चालतात, नाहीतर दुपारी गावात चिटपाखरू नाही."

शनिवारपर्यंत होकार किंवा नकार लिहून द्यायचा होता. नकार दिला तर बढती पाच-सात वर्षं विसरायची. होकार दिला तर बाबा सोबत हवेत, नाहीतर परक्या गावात मृणालला कुणाच्या भरवशावर ठेवणार? सगळं त्यांच्यावर अडलेलं. मी सोमवारीच जेवताना सांगितलं, "बाबा, माझी बदली झालीय," आणि गावाची सगळी कथा ऐकवली. त्यांचा हात ताटातच थांबला.

"बंद गिरणीच्या गावात? बदली?"

"हो. तुम्ही याल ना?"

बाबा आमटीभात तसाच टाकून उठले.

मंगळवारी त्यांनी विचारलं, "तुका थंय सकाळी किती वाजता जावचा लागतला?" म्हटलं, दहा. बुधवारी विचारलं, "आणि काम नाय गावला, तर परत येवचा?" मी वैतागले. "काम का नाही मिळणार, बाबा? सरकारी नोकरी आहे!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शुद्धीवर नसून बरळतेय. यांना यायचं नाही, आणि सांगायचं धाडसही नाही, असा मी निष्कर्ष काढला. रागही आला. रागाखाली नुसती भीती होती, हे आता कबूल करते.

शुक्रवारी श्यामकांतांनी मला बाजूला बोलावलं. "बाई, काल दुपारी तुमचे सासरे नातीला घेऊन आले होते. साहेबांपुढे हात जोडून उभे. म्हणत होते, पोरीला कायम ठेवा, बदली करू नका. साहेब म्हणाले, घरचा एवढा विरोध असेल तर सरळ नकार लिहून द्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. घरी पोचले ती चपलाही न काढता म्हणाले, "बाबा, यायचं नसेल तर मला सांगायचं. ऑफिसात जाऊन माझी वाट का लावताय?"

बाबा पाटावर बसून मृणालच्या फ्रॉकचं बटण लावत होते. त्यांनी सुई खाली ठेवली.

"नऊ वर्सा मी बदली होतंय," ते म्हणाले. "पास घेवन दारात उभो. कोणाचो खाडो पडलो तर माका काम, नायतर घराक. कोण आजारी पडता काय, ता बगत रवाचा. माणसान दुसऱ्याच्या दुखण्याची वाट बगूची? आणि तू शिकलेली पोर, कायम झालेली. तुका बदली केल्यानी, तीय बंद गिरणीच्या गावात. थंय दारात केवढी रांग असतली!"

मी चपला काढल्या. माझे वडील सरकारी कारकून. आमच्या माहेरी बदली म्हणजे सामानाचा ट्रक आणि नवी शाळा. गिरणीत बदली म्हणजे दुसऱ्याच्या जागी रोजापुरता उभा राहणारा माणूस, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मी पेढे द्यावेत तसं आनंदात सांगून बसले होते.

"बाबा, बदली म्हणजे फक्त गाव बदलायचं. नोकरी कायम. उलट पगार वाढला."

"कायम?"

"कायम."

ते हसले. सोमवारपासून पहिल्यांदा. मग सुई उचलली, दोरा ओवायला गेले आणि पुन्हा थांबले.

"तू कामाक जातलस. पोर शाळेत. थंय माझे गाववाले नाय, चाळ नाय. म्हणजे थंय मी बदलीच."

मला रडू आलं, आणि ते लपवायचं मला सुचलंही नाही. ज्यांच्या जिवावर मी निघाले होते, त्यांचं तिथं काय होईल, हा विचार आठवडाभरात एकदाही माझ्या मनाला शिवला नव्हता.

मी पर्समधून होकाराचा फॉर्म काढला. क्वार्टरसाठी सोबत येणाऱ्या माणसांची नावं त्यात भरायची होती. त्यांच्यासमोर बसून पहिलं नाव लिहिलं: गुणाजी विठोबा घाडी. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं.

"फुडे काय लिवलंस?"

"नातं. सासरे."

त्यांनी त्या शब्दापुढच्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं.

"कायम लिव," म्हणाले.

शनिवारी श्यामकांतांनी फॉर्म तपासताना चष्मा कपाळावर चढवला. "हे काय बाई? सासरे, कायम?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "तसंच जाऊ द्या."