बाराचा भोंगा

सकाळी झेंडावंदनानंतर सोसायटीत शिरा वाटला आणि केशराच्या वासासरशी मला आमचं जपानमधलं, एदोगावातलं घर आठवलं.

मोठ्या भूकंपानंतरचं दुसरं वर्ष असेल. त्या पंधरा ऑगस्टलाही मी शिरा केला होता आणि शेजारच्या सातोसानना बोलावलं होतं. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्याच राहायच्या. "आज आमचा स्वातंत्र्यदिन," मी म्हटलं. "हो का," म्हणून त्यांनी शिरा पुन्हा मागून घेतला.

बाराला रस्त्यावरचा भोंगा वाजला. माझी पाच वर्षांची मुलगी मुक्ता शाळेत शिकवल्याप्रमाणे तडक टेबलाखाली शिरली. सातोसान मात्र उठून मान खाली घालून उभ्या राहिल्या. मला काहीच कळेना. पंधरा ऑगस्ट फक्त आपला, एवढंच मला तोवर ठाऊक होतं.

भोंगा थांबला. सातोसान गुडघे धरत खाली बसल्या आणि टेबलाखाली डोकावून जपानीत म्हणाल्या, "भूकंप नाही, मुक्ताचान. युद्ध संपलं."

"नक्की?" मुक्ता आतूनच म्हणाली.

"नक्की. पंचेचाळीस साली आजच्याच दिवशी, बारालाच ते जाहीर झालं, तेव्हा मीही तुझ्याएवढीच होते. आईनं सांगितलं, तरी खंदकातून बाहेर यायला तयार नव्हते."