कॅप्टनचा बाक

कॅप्टनच्या दुकानात चुकणाऱ्याला कुणी शिव्या देत नसे. त्याला बाहेरच्या बाकावर बसवत. कॅप्टन एकेकाळचे कबड्डीपटू. कुंभिवलीला हमरस्त्यालगतचं ताडपत्र्या शिवायचं दुकान त्यांनी मैदानाच्याच नियमांनी चालवलं. चुकला तो बाद. आतल्या कुणी एखादं काम फक्कड केलं, की बाहेरचा एक जिवंत होऊन आत यायचा. त्यामुळे दुसऱ्याच्या हुशारीवर जळणं कुणालाच परवडत नसे.

मी पहिल्याच आठवड्यात त्या बाकावर बसले. मॅट्रिक आणि टायपिंग पास झालेली मी हिशेब-पत्रं लिहायच्या कामावर लागले होते आणि कॅप्टननी मला शिलाईच्या मशीनवर बसवलं.

"मी क्लार्क आहे," मी मान ताठ करून सांगितलं.

"अशील गं. पन एका कामाचं मानूस मी ठेवीत नाय. चढाई करनाऱ्याला पकड बी यायला पायजे."

तासाभरात मी ताडपत्रीला स्वतःचा पदर शिवून टाकला. कात्रीनं मला सोडवावं लागलं. पदराचा तुकडा ताडपत्रीसकट पुण्याला गेला, आणि मी बाकावर.

कॅप्टनना मुंबईतल्या एका कंपनीनं खेळासाठीच नोकरीत घेतलं होतं. गुडघा कामातून गेला, तरी कंपनी खुर्ची द्यायला तयार होती. हे राजीनामा देऊन गावी आले. घरच्यांनी कपाळाला हात लावला. "खेळासाठी घेतला व्हता. खेळ नाय, तर खुर्ची कशाला अडवू?" एवढंच त्यांचं उत्तर.

माणसं मात्र त्यांना दुरून ओळखू यायची. शंकर आधी माथेरानला हातरिक्षा ओढायचा. पाहुण्यांना ओढता ओढता तो गुजराती शिकला होता, हे त्याच्याही लक्षात नव्हतं. कॅप्टननी त्याला कापडं कापायला घेतलं आणि गुजराती गिऱ्हाइकांपुढे उभं केलं. माझं अक्षर चांगलं म्हणून ट्रकमालकांची नावं ताडपत्रीवर रंगवायचं काम माझ्याकडे आलं. मी नाक मुरडून ते केलं आणि रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकवर आपलं अक्षर दिसलं की चोरून बघत राहायचे.

तरीही खोपोलीच्या एका कारखान्यात टायपिस्टची जागा निघाली, तशी मी गेले. खुर्ची, डोक्यावर पंखा आणि अंगाचा ताडपत्रीचा वास गेलेला. कॅप्टन म्हणाले, "जा. पन एकाच जागी उभी ऱ्हाऊ नको गं, गवसशील."

गवसलेच. तिथं एकदा टाइपरायटरची फाटलेली खोळ मी शिवून आणली, तर हेडक्लार्कनी सांगितलं, "हे तुमचं काम नव्हे, बाई." पावसाळ्याआधी मी कुंभिवलीला परत आले. परत घेतील की नाही या धास्तीनं रस्ताभर भाषण पाठ केलं होतं. पहिल्या वाक्यालाच कॅप्टननी बाकाकडे बोट केलं.

सकाळपासून बसून होते. शंकर चहा देऊन गेला. "ताई, मी दोन ताडपत्र्या झकास कापल्या. कॅप्टन म्हनतात, हे तर तुझं रोजचंच काम, यानं कोन जिवंत व्हत नाय." मला वाटलं, आता उठावं आणि घरी जावं. आमच्या घरी तर नोकरी सोडल्याचं अजून कुणाला माहीतही नव्हतं.

तेवढ्यात आत मशीन सुरू झालं, अडखळत. पायानं चालवायचं मशीन होतं ते. गुडघ्यापायी कॅप्टन त्यावर कधीच बसले नव्हते. बराच वेळ ते मशीन थांबत होतं, पुन्हा चालत होतं. मग घामेजलेले कॅप्टन दारात आले.

"ये आत. माझा एक गुन झाला."

शिवण भयंकर वाकडी होती. मी ती उसवून पुन्हा घातली. कॅप्टनचं काम उसवलं म्हणून संध्याकाळी परत बाकावर बसले.

कॅप्टन वारले, तोवर दुकान त्यांनी माझ्याकडे सोपवलं होतं. आता मालकीण मी, तेव्हा बाक काढून तिथं माल मांडायला फळी ठोकायचा माझा बेत होता. त्याच आठवड्यात मी एका ट्रकचं माप हातभर कमी घेतलं.  शंकर नुसता बाहेर गेला आणि फडक्यानं बाक पुसून आला.