रिस्लिंगला रॉकेलचा वास

माझ्या नवऱ्याचे एक शाळासोबती आहेत. मी त्यांना भावजी म्हणते. पस्तीस वर्षं त्यांनी कारखान्यांना पंप विकले आणि निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत ते सरदार झाले. त्यांचे पणजोबा गायकवाडी फौजेत घोडेस्वार होते, एवढं खरं आहे. बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांत कुणी ना कुणी फौजेत होतंच. पण भावजींनी दिवाणखान्यात तलवार टांगली, आणि पाहुण्यांना तिच्याखालीच बसवायला सुरुवात केली. ती तलवार जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेली, हे मला त्यांच्या बायकोने, वहिनींनीच सांगितलं होतं.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी दोघं युरोपला जाऊन आली. बारा दिवसांत सात देश. त्यात ऑस्ट्रियाला दोन दिवस मिळाले, जर्मनीला तीन. तिथल्या एका द्राक्षमळ्यापाशी त्यांची बस दोन तास थांबली, आणि त्या दोन तासांत भावजींना वाइनमधलं सगळं कळलं. माणशी दोन लिटर आणता येतात, म्हणून निम्म्या वहिनींच्या नावावर घालून चार बाटल्या आणल्या. लोकरी मोज्यांत गुंडाळून, वहिनींच्या बॅगेत. वहिनींनी घेतलेली तांब्याची किटली त्यामुळे हॉटेलातच राहिली.

आमच्याकडे दारूबंदी. त्यामुळे इथे दारू पिणं हेच मुळात कर्तृत्व समजतात. साधी माणसं पडदे ओढून पितात आणि वर बडीशेप खातात. भावजींकडे मात्र परमिट आहे, प्रकृतीच्या कारणावरून. रात्री झोप लागत नाही असं त्यात लिहिलंय. आमच्याबरोबर ते जेवढ्या नाटकांना आले, त्या प्रत्येक नाटकात ते दुसऱ्या अंकाला घोरलेले आहेत.

निमंत्रण मोबाइलवर आलं, सोनेरी किनारीच्या कार्डावर. ‘ऑस्ट्रिया आणि जर्मनीच्या शुभ्र वाइन्सची एक संध्याकाळ.’ खाली सूचना होत्या. अत्तर लावून येऊ नये. गजरा माळू नये. दुपारपासून तिखट खाऊ नये. मी नवऱ्याला म्हटलं, “आंघोळ करून यायचं की नाही, तेही लिहायला हवं होतं.” नवरा म्हणाला, “अगं, शिकायला काय हरकत आहे?” निवृत्तीनंतर त्याला कशालाच हरकत नसते.

मी माझ्या मैत्रिणीला बरोबर नेलं. कॉलेजात ती माझ्या शेजारी बसायची. लग्न केलं नाही तिने. छाणीतल्या रंगांच्या एका छोट्या कारखान्यात बत्तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली, आणि आता रावपुऱ्यात दोन खोल्यांत एकटी राहते. कमी बोलते. वाइन तिने जन्मात चाखली नव्हती आणि यायलाही तयार नव्हती. “मी तिथे काय करू गं?” ती म्हणाली. मी म्हटलं, “मला हसायला कुणीतरी सोबत हवं.” खरंच तसं म्हणाले मी.

पाहुणे चौघंच होतो. आम्ही दोघं, मैत्रीण, आणि भावजींच्या शेजारच्या बंगल्यातले एक गुजराती भाई. टाइल्सचा धंदा, गळ्यात साखळी, पायात पांढरे बूट. त्यांना पाहून मी मनात नाक मुरडलं, हे कबूल करते.

पडदे ओढले गेले. टेबलावर पांढरी चादर, तीस-बत्तीस ग्लास, आणि मधोमध त्या चारांपैकी तीन उंच, सडपातळ मानेच्या बाटल्या. भावजींनी पहिली उघडली. ती ऑस्ट्रियाची. तिचं नाव त्यांनी तीनदा उच्चारलं, ग्रूनर वेल्टलिनर, आणि प्रत्येक वेळी ते वेगळं ऐकू आलं. मग ग्लास कसा धरायचा, कसा फिरवायचा, नाक कुठपर्यंत घालायचं, हे झालं. पंपाचं प्रात्यक्षिक देताना बोलायचे त्याच आवाजात ते बोलत होते.

“हिरवं सफरचंद,” ते डोळे मिटून म्हणाले. “लिंबाची साल. आणि शेवटी, अगदी शेवटी, पांढरी मिरी.”

मला आंबट पाणी लागलं. तरी मी म्हटलं, “मिरी अगदी हलकेच येते, नाही?”

“माझ्या जिभेवर अजून आहे,” नवरा म्हणाला. या माणसाला आमटीत मीठ नसलं तरी कळत नाही.

भाईंनी एका घोटात ग्लास संपवला. “सरस छे. बरफ नथी?”

भावजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “भाई, याच्यात बर्फ घालत नाहीत,” ते लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले. मी नवऱ्याकडे पाहून भुवई उडवली. आम्ही दोघं त्या क्षणी फार सुसंस्कृत होतो.

दुसरी बाटलीही ऑस्ट्रियाचीच होती. तिच्यात कुणाला नदीकाठचे दगड लागले, कुणाला नासपती. दगडांची चव भावजींना कशी माहीत, हे कुणी विचारलं नाही. खायला समोर उकडलेले बटाटे, बिनमिठाचं पनीर आणि दाताला लागणारा पाव होता, कारण मसाल्याने जीभ मरते. स्वयंपाकघरातून मात्र मटणाचा घमघमाट येत होता. वहिनींनी स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक केला होता, आणि त्या टेबलाशी बसल्याच नव्हत्या.

तिसरी बाटली जर्मनीची, जुनी रिस्लिंग. हीच त्या संध्याकाळची राणी, असं भावजी म्हणाले. “आता मी काही सांगणार नाही. तुम्ही सांगायचं.”

मी ग्लास फिरवला आणि म्हटलं, “लिची.” लिची मी आयुष्यात दोनदा खाल्ली असेन. नवऱ्याने मध सांगितला. भावजी दोन्हींना मान डोलावत होते. मैत्रिणीने बराच वेळ वास घेतला. ग्लास खाली ठेवला, थांबली, पुन्हा घेतला. मग शांतपणे म्हणाली, “भावजी, याला रॉकेलचा वास येतोय.”

मग कुणीतरी फिस्सकन हसलं. ती मी होते. सगळ्यांच्या आधी मी हसले, आणि माझ्या हसण्याने बाकीच्यांना परवानगी मिळाली.

“ताई, छाणीच्या कारखान्यातून बाहेर या आता!” भावजी डोळे पुसत म्हणाले.

“कुणी काडी ओढू नका रे,” माझा नवरा म्हणाला.

“वाईट म्हणत नाहीये मी,” मैत्रीण म्हणाली. “छान आहे. पण वास रॉकेलचा आहे.”

आम्ही आणखी हसलो. तीही थोडं हसली, आपला ग्लास उचलला आणि “वहिनींना काही हवं का बघते” म्हणून आत गेली.

भाई तेवढा वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. त्यांनी बाटलीवरच्या नावाचा फोटो काढून शोध घेतला होता. ते अक्षर अक्षर लावत वाचू लागले. “आमां लख्युं छे... पेट्रोल. केरोसीन. जूनी थाय त्यारे आवे. सारी निशानी छे.” म्हणजे जुन्या रिस्लिंगला हा वास येतोच, आणि ती चांगली खूण.

मला वाटलं आता भावजी निदान गप्प बसतील. छे. श्वासभरही थांबले नाहीत. “एक्झॅक्टली! पेट्रोल नोट. हेच तर रिस्लिंगचं वैशिष्ट्य. तुमच्यातलं कोण ओळखतं, याची मी वाट पाहत होतो.”

“मला वाटलंच होतं,” मध सांगणारा माझा नवरा म्हणाला.

मी ग्लास नाकाशी नेला. रॉकेलच. स्वच्छ, ओळखीचं, लहानपणी आमच्या स्टोव्हला यायचं तेच. इतका वेळ ते तिथेच होतं. “हो, आता येतोय,” मी म्हटलं.

एवढंच म्हटलं. मैत्रिणीची आठवण फक्त पांढऱ्या बुटांच्या त्या भाईंनी काढली, “पण ए तो पेलां बहेने कह्युं हतुं ने?” भावजींनी त्यांच्या ग्लासात आणखी थोडी ओतली आणि द्राक्षमळ्याच्या उतारांविषयी बोलायला लागले.

बऱ्याच वेळाने मी उठून स्वयंपाकघरात गेले. वहिनी आणि मैत्रीण छोट्या टेबलाशी समोरासमोर बसल्या होत्या. पुढे बाजरीची भाकरी, लालभडक रस्सा, आणि चौथी बाटली, जी भावजींनी गोडाबरोबर घ्यायची म्हणून फ्रिजमध्ये थंड करत ठेवली होती. ती निम्म्याला आली होती.

“ये, बस,” वहिनी म्हणाल्या. “हिनेच सुचवलं. तिखटावर ही गोडसर फार छान लागते.”

मी एक घास खाल्ला, एक घोट घेतला. संध्याकाळभरात खरी चव लागली ती तेवढ्या घासाला. मैत्रिणीला काही सांगावं म्हणून तोंड उघडलं, तोच दारात भावजी.

“ही डेझर्ट वाइन आहे!” ते ओरडले. “मटणाबरोबर? अगं, अक्कल आहे का?”

वहिनींनी भाकरीचा तुकडा मोडला. “निम्म्या बाटल्या माझ्या नावावर आणल्या होत्या ना? ही माझी आहे.” आणि त्यांनी मैत्रिणीच्या ग्लासात आणखी ओतली. भावजी उभे राहिले, मग परत गेले. सरदारांना त्या घरात एवढाच मान आहे, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मला बरंही वाटलं. दुसऱ्याची फजिती पाहून मला नेहमीच बरं वाटतं.

परतताना मी मैत्रिणीबरोबर गाडीत मागे बसले. म्हटलं, “अगं, ते रॉकेल...”

“ऐकलं मी. स्वयंपाकघर काय फार लांब आहे?” सयाजीगंजच्या सिग्नलला गाडी थांबली, तशी ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, “बाकीचे हसले त्याचं काही नाही. तू का हसलीस?”

“सहज गं.”

“बरं,” ती म्हणाली. नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर रस्त्यावर नेली.

दुसऱ्या दिवशी भावजींनी आमच्या ग्रुपवर बाटल्यांचे फोटो टाकले. रिस्लिंगच्या फोटोखाली लिहिलं होतं की पेट्रोलचा तो सूक्ष्म गंध ओळखायला नाक वर्षानुवर्षं तयार करावं लागतं. अंगठ्यांचा पाऊस पडला. नवऱ्याचाही होता. मी लिहिलं, ‘तो गंध माझ्या मैत्रिणीने ओळखला होता, आणि आपण तिला हसलो होतो.’ खोडलं. पुन्हा लिहिलं. दोन दिवस काढले आणि मग पाठवलं. तासाभराने कुणीतरी सूर्योदयाचं चित्र टाकलं. नवरा आठवडाभर घुश्शात होता, आणि भावजींकडून नंतर आम्हाला बोलावणं आलेलं नाही. त्यात माझं काही नुकसान झालंय असं मी मानत नाही.

झालं ते वेगळंच. वहिनी आणि माझी मैत्रीण एकमेकींकडे जाऊ लागल्या. गुरुवारी वहिनी रिक्षाने रावपुऱ्याला जातात, दोघी मिळून काही तिखट रांधतात, दुपारभर बसतात. मला कुणी बोलावलं नाही आणि मीही विचारलं नाही. पन्नास वर्षांची मैत्री माझी, आणि सुगरण वहिनी माझ्याच ओळखीच्या, असं म्हणायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. इतरांच्या तलवारींची किंमत मला चटकन कळते. स्वतःचं काही कळायला मला नेहमी कुणीतरी विचारावं लागतं.

गेल्या गुरुवारी मी मुद्दाम दुपारी फोन केला. मागे वहिनींचं हसणं ऐकू येत होतं.

“जेवतोय आम्ही,” मैत्रीण म्हणाली. “नंतर करते.”

संध्याकाळी तिने फोन केला. हवापाण्याचं बोललो, तिच्या गुडघ्याचं बोललो, आणि ठेवला.