मास्कच्या आतलं गोंदण

उचगावहून येणाऱ्या बसमध्ये ती रोज खिडकीशी बसे. डोक्यावर पदर, तोंडावर मास्क आणि तो हनुवटीशी सारखा घट्ट करायची सवय. साथ सरून वर्षं झाली तरी म्हातारीची भीती गेली नाही, असं मी समजत होतो.

एकदा पाणी प्यायला तिनं मास्क खाली ओढला. हनुवटीवर, दोन्ही गालांवर हिरवं गोंदण होतं. मी बघतोय हे तिच्या ध्यानात आलं.

"आईनं गोंदवून घेतलं. बिनगोंदणाची पोरगी तवा कोण सून करून घेत न्हवतं. आता लग्नाच्या हॉलात वाढायला जातो, तर मालक म्हणतोय, आक्का, व्हिडिओत बरं दिसत न्हाय, तोंड झाकून घे."

तिनं मास्क वर चढवला. पुढच्या स्टॉपला कॉलेजची एक मुलगी चढली आणि तिच्या शेजारी बसली. मुलीच्या मनगटावर ताजं गोंदलेलं फुलपाखरू होतं, भोवतीची कातडी अजून लाल. म्हातारी बराच वेळ त्याच्याकडंच बघत राहिली.

"लई दुखलं काय गं?"

"थोडंसं, आज्जी. पण छान दिसतंय ना?"

"व्हय, लई छान दिसतंय," ती म्हणाली आणि तिनं मास्क हनुवटीशी पुन्हा घट्ट केला.