सायराकान एजेंचा डबा

९ ऑक्टोबर १९९५ रोजी आमच्या किर्गिझ गावातल्या सायराकान एजेंनी (एजे म्हणजे ताई) ३८ सोम मोजून थर्मामीटर घेतला. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या एजेंच्या पगारातून ही रक्कम काढणे सोपे नव्हते. मी त्याच शाळेत हिशेब लिहितो, म्हणून पगार मला माहीत होता. तेव्हापासून सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला तापमान पाहायचे, हिवाळ्यात अंगणातल्या काठीवर बर्फाची उंची पाहायची, एक लिटरचा डबा बर्फाने भरून चुलीवर वितळवायचा, पाणी मोजायचे आणि वहीत लिहायचे, हा त्यांचा नेम. गाव विचारी, "एजे, आज सूप बर्फाचं का?" त्या म्हणत, "तुझ्या वाट्याला तेच!"

३ मार्च २०१२. दोन दिवसांचे वादळ सकाळी थांबले. माझा धाकटा भाऊ तुरात माझ्याकडे चहा पीत होता, एवढ्यात एजे वही घेऊन आल्या.

"तुरात, गोठ्याचं छप्पर आत्ता मोकळं कर."

गोठ्यात त्याच्या त्रेचाळीस गाभण मेंढ्या होत्या. घराला दुसरा आधार नव्हता.

तुरात वहीत डोकावून हसला. "एजे, बर्फ चौसष्ट सेंटिमीटर तर आहे! अठ्ठ्याण्णव साली छातीला लागला होता, तेव्हा काय झालं छपराला?"

एजेंनी वहीची पाने उलटली. "तेव्हा एक्क्याण्णव होता. पण डब्यातून सत्तर मिली पाणी निघालं होतं. आज दोनशे नव्वद निघालं. हा ओला आहे, बाबा."

तुरातला ते पटेना. मी कागद घेतला. छप्पर आठ मीटर बाय पाच, वर चौसष्ट सेंटिमीटर बर्फ, त्यात दर लिटरला दोनशे नव्वद ग्रॅम पाणी. गुणाकार दोनदा केला.

"साडेसात टन," मी म्हणालो. "तुझ्या लग्नाला शंभर पाहुणे होते ना? ते सगळे आत्ता तुझ्या छपरावर उभे आहेत."

"माझी सासूसुद्धा?"

"मधोमध."

त्याने चहा तसाच ठेवला.

त्याच्याकडे एकच फावडे होते, म्हणून एजेंनी आपले मला दिले. मेंढ्या आधी अंगणात काढल्या, मग आम्ही दोघे कडेकडेने बर्फ ओढू लागलो. निम्मे छप्पर मोकळे झाले तेव्हा मधली तुळई कडाडली. आम्ही आत जाऊन पाहिले. तुळईला चीर गेली होती, पण ती तुटली नाही. खाली टेकू लावून उरलेले काम अंधार पडायच्या आत संपवले. दुसऱ्या दिवशी गावातल्या जुन्या सभागृहाचे छप्पर कोसळले. तिथे कोणी नव्हते.

एप्रिलमध्ये सत्तेचाळीस कोकरे झाली. तुरात सगळ्यांत धष्टपुष्ट कोकरू घेऊन एजेंकडे गेला. "एजे, हे तुमचं. नाही म्हणू नका." एजेंनी ते हातांत तोलले, म्हणाल्या, "चार किलो दोनशे," आणि डोळे पुसत आत नेले. तुरातच्या अंगणात आता तशीच एक काठी आहे. सातला तो बाहेर येतो आणि एजेंना फोन करून आकडा सांगतो.

पुढल्या वर्षी मी निवृत्त होतो. छपरावरचा बर्फ काढताना एजेंच्या फावड्याचा दांडा माझ्या हातून मोडला. त्याचे साठ सोम अजून द्यायचे आहेत; निवृत्तीआधी तो हिशेब मिटवीन.