भाडं उतारावर

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. वाचता वाचता 'हे अमुक कारणाने झालं असेल' असं शोधत बसायची माझी सवय. हळदीच्या वजनकाट्यावर माझी निम्मी हयात गेली. जे काट्यावर येत नाही ते नसतंच, असं मी घरात कितीदा तरी बोललो आहे. त्यामुळे स्वतःचा अनुभव लिहायला दोन वर्षं लावली. आता लिहितोय, कारण कुणाचे तरी आभार मानायचे राहिलेत... आणि ते नेमके कुणाचे, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

आधी जागा सांगतो. हिंगोली जिल्हा, कळमनुरी तालुका, डोंगरकडा. गावापासून अडीच किलोमीटरवर आमचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर. तिथे मी, बायको, सून आणि जुळी नातवंडं — आर्या आणि ओम. तेव्हा दोघं साडेतीन वर्षांची होती. मुलगा पुण्यात कंपनीत. आखाड्यातून निघालं की आधी सपाट रस्ता, मग बंजाऱ्यांचा तांडा, तांड्याच्या पुढे बोरीचं एक जुनं झाड, आणि बोरीपासून खाली ओढ्याच्या पुलापर्यंत सलग उतार. पूल ओलांडला की गाव.

लेकरांना बालवाडीत पोचवायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या डाव्या डोळ्याला लहानपणापासून कमी दिसतं, म्हणून मोटारसायकलच्या नादी मी कधी लागलो नाही. सायकल मात्र रोजची. पण सायकलवर एक लेकरू बसतं, दोन नाही. एक पुढे नळीवर आणि एक मागे कॅरिअरवर बसवून नेणारे आहेत आमच्याकडे, पण मला ते पटत नव्हतं. मागचं पोरगं पेंगलं की त्याचा पाय चाकात जातो.

मुलाने फोनवर सायकलच्या ट्रेलरचे फोटो पाठवले. मागे जोडायचा दोन चाकांचा हलका डबा, वर जाळी, पावसासाठी पडदा, आत दोन लेकरांची जागा. गावातला वेल्डर म्हणाला, "बाहेरून काहून मागवता? मी अँगलचा बनवून देतो. म्हैस बसली तरी वाकणार न्हाई."

"मला म्हैस न्यायचीच न्हाई ना," मी म्हणालो.

त्याने हिशेबाने सांगितलेला सांगाडाच लेकरांपेक्षा जड होत होता. शिवाय त्याची जोडणी पक्की, म्हणजे सायकल पडली की डबाही आडवा. कंपनीच्या ट्रेलरला जोडाजवळ फिरणारा सांधा असतो. सायकल आडवी झाली तरी ट्रेलर उभा राहतो. मी त्या एका गोष्टीवर निर्णय घेतला. मुलाच्या ओळखीच्या एकाची मुलं मोठी झाली होती, त्याचा वापरलेला ट्रेलर आला. खांद्यावरून आणि कमरेवरून येणारे पट्टे, जोडाची खीळ निसटली तर आधार म्हणून दुसरा एक पट्टा, मागे उंच काडीवर केशरी झेंडी. ट्रेलरला चालताना लावायचा ब्रेक मात्र नसतो. सगळा भार सायकलच्या ब्रेकवर. म्हणून मी सायकलचे चारही ब्रेक-रबर नवे टाकले.

ट्रेलर आला त्या दिवशी मी तो काट्यावर ठेवला, मग लेकरांनाही उभं केलं. बायको दारातून बघत होती.

"अहो, काहून मोजून राहिलात? लेकरं हायेत ती, हळद न्हाई."

"चाळीस किलोची मर्यादा लिहिली आहे याच्यावर."

"मग आता दोघांना उपाशी ठेवता का?"

दोघं मिळून अठ्ठावीस भरली. डबे, पाण्याच्या बाटल्या धरूनही बरीच जागा उरत होती. तरी पहिला आठवडा मी लेकरांऐवजी तेवढ्याच वजनाचं हळदीचं बेणं पोत्यात भरून ओढलं. वळणं घेतली, उतारावर ब्रेक लावून पाहिले. तांड्यावरचे किसनभाऊ माझ्याच वयाचे, त्यांचं शेत उताराला लागून. ते बांधावरून हसायचे. "भाऊ, बेण्याला फिरवून आणून राहिले का? जीव रमंना का त्याचा?"

मग हेल्मेट घालून, पट्टे आवळून लेकरं बसवली. पहिल्याच दिवशी एक गोष्ट जाणवली.

उतारावर ट्रेलर सायकलला मागून ढकलतो. पोत्याच्या वेळी मला बोरीपासून पुलापर्यंत ब्रेक दाबून ठेवावा लागे. लेकरं असताना ढकलतच नव्हता. बोरीजवळ किंचित हिसका बसायचा — बैलगाडीत मागून कुणी चढलं की बसतो तसा — आणि पुढचा सगळा उतार सायकल आपल्या पायाने चालावी तशी शांत उतरायची. ब्रेकला हात लावायचं काम नाही.

मी कारण शोधलं. बेअरिंग पाहिलं, हवा पाहिली, चाक हाताने फिरवून पाहिलं. सगळं बरोबर. पुन्हा एकदा तेवढ्याच वजनाचं पोतं नेलं, तर ट्रेलरने व्यवस्थित ढकललं. दुसऱ्या दिवशी लेकरं... पुन्हा शांत. मी स्वतःला सांगितलं, लेकरं हलतात, वजन मागेपुढे होत असेल.

बोरीजवळ आर्या रोज म्हणायची, "आबा, आजी बसली."

"कोणती आजी गं?"

"ती... लई बांगड्यावाली."

आता तांडा जवळच. जुन्या बाया दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या घालायच्या, अजूनही एखादी दिसते. लेकरांनी पाहिली असेल, खेळ करत असतील. मी लक्ष दिलं नाही.

मग तो दिवस. परतीच्या पावसाचे दिवस होते. रात्रभर वारं आणि पाऊस, सकाळी लख्ख ऊन. रस्ता ओला होता, पण खळगे मला पाठ होते. सून म्हणाली, "मामंजी, आज ऱ्हाऊ द्या का?" मी म्हणालो, "पाऊस तर थांबला. हळू नेतो." निर्णय माझा होता, म्हणून लिहून ठेवतो.

बोरीजवळ नेहमीचा हिसका बसला. उतार सुरू झाला. आणि अर्ध्यात सायकल जड व्हायला लागली. नुसती शांत नाही, जड. उतारावर असून मला पायडल मारावं लागलं. मग उभं राहून मारलं. तरी पुढे जाईना. शेवटी सायकल थांबली. ब्रेक मी लावलेला नव्हता. चिडूनच खाली उतरलो. वाटलं, चाकात काहीतरी अडकलं.

मागे गेलो, वाकून पाहिलं. चाकं मोकळी. उभं ठेवताना लावायचा ब्रेक सुटलेला. ओम आतून शांतपणे म्हणाला, "आबा, आजीनं धरलं."

तेवढ्यात किसनभाऊंचा आवाज आला. त्यांच्या बांधावरून ते दोन्ही हात वर करून येत होते. "भाऊ, जागचे हलू नका. तार पडली."

मी उजवा डोळा पुढे करून पाहिलं. पाच-सहा पावलांवर रस्त्यात पाणी साचलं होतं. डाव्या हाताच्या खांबावरून तुटलेली लाईनची तार गवतातून येऊन त्या पाण्यात उतरली होती. तिच्यापाशी एक मुंगूस मरून पडलं होतं. तार नेमकी माझ्या वाईट डोळ्याच्या बाजूला होती. सायकलवर असतो तर मला ती दिसली नसती. हे मी अंदाजाने म्हणत नाही. नंतर त्याच जागी उभा राहून, डोकं सरळ ठेवून पाहिलं आहे. दिसत नाही.

आता लेकरांना मागे न्यायचं होतं. वाटलं, इतका जड झालेला ट्रेलर चढावर उलटा कसा जाईल? हात लावला आणि तो हलका निघाला. रिकामा असल्यासारखा. बोरीपर्यंत सायकलसकट कसा मागे नेला, मला कळलंही नाही.

किसनभाऊंनी फोन करून लाईन बंद करायला लावली. तोवर मी उताराकडे बघत उभा होतो. ओल्या मातीत ट्रेलरच्या दोन्ही चाकांचे माग होते, त्यांत टायरची नक्षी स्वच्छ उमटलेली. म्हणजे चाकं घासली नव्हती, फिरतच होती. आणि दोन्ही मागांच्या मधोमध दोन खोल चऱ्या होत्या. टाचा रोवून कुणी ओढलं जावं, तशा. फोटो काढायचं सुचलं नाही. मग तांड्यावरची माणसं आली, लाईनमन आले, आणि त्यांच्या पायांखाली सगळं पुसलं गेलं.

आर्याला मी बोरीखालीच विचारलं, "ती आजी काय करते गं रोज?"

"बसते. मग उतार आला की उतरते अन् मागून धरते."

अंगावर काटा आला तो तारेमुळे नाही, तर या वाक्यामुळे.

आमच्या वडिलांची बैलगाडी होती. भरली गाडी उताराला लागली की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून गाडीत बसलेल्या माणसाने उतारावर खाली उतरायचं आणि मागून गाडी धरून, टाचा रोवत यायचं, ही तेव्हाची रीत. तांड्यावर धेनीबाई म्हणून म्हातारी होती, आम्ही सगळे तिला याडी, म्हणजे त्यांच्या बोलीत आई, म्हणायचो. ती सरपणाची मोळी घेऊन या बोरीखाली थांबायची. वडील गाडी उभी करायचे. ती विचारायची, "भाडं काय घेशील रे?" वडील म्हणायचे, "भाडं उतारावर." आणि उतारावर ती बाई खाली उतरून गाडी धरायची. मी आणि माझी बहीण आत बसलेले असायचो. मी सातवीत असताना ती वारली.

हे मी लेकरांना कधी सांगितलं नव्हतं. सुनेला ठाऊक नाही. बायको लग्न होऊन आली तेव्हा गाडी केव्हाच विकली होती. साडेतीन वर्षांच्या लेकरांनी उतारावर धरलेली गाडी पाहायचा प्रश्नच नाही.

किसनभाऊ धेनीबाईंचे नातू. त्यांना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "याडी फुकट कुणाच्या गाडीत बसली न्हाई कधी."

मी अजूनही कारणं शोधतो. ओल्या मातीत चाकं रुतली असतील, तर चऱ्या मधोमध कशा? मी घाबरून ट्रेलर हलका समजलो असेन, तर सायकल थांबली तेव्हा मी कुठे घाबरलो होतो? भुताखेतावर माझा आजही विश्वास नाही. पण माझी दोन्ही लेकरं घरी आली.

आता बोरीजवळ मी सायकल थांबवतो. एक पाय टेकवतो, मागे न बघता म्हणतो, "बसा, याडी." हिसका बसला की निघतो. किसनभाऊ बांधावरून बघतात, पण आता चेष्टा करत नाहीत.

ट्रेलरवर लिहिलेली चाळीस किलोची मर्यादा मी काटेकोर पाळतो. लेकरं वाढतात, म्हणून दर महिन्याला त्यांना काट्यावर उभं करतो. तिसऱ्या माणसाचं वजन मात्र धरत नाही.